पानगळीतल्या धबधब्यांचे फोटो: निघण्याआधीची तयारी आणि कोरडी फडकी

मागच्या पानगळीत दोन दिवसांच्या ट्रेकमध्ये मी तीन धबधबे गाठले, दोनशेच्या आसपास फोटो काढले आणि घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडले तेव्हा त्यातले कामाचे अकरा निघाले. बाकी सगळ्यांवर धुरकट गोल ठिपके. लेन्सवर तुषार बसले होते आणि पुसायला माझ्याकडे एकच फडकं होतं, तेही पहिल्याच धबधब्यापाशी भिजलेलं. त्यानंतर मी लेन्स पुसत होतो असं मला वाटत होतं. खरं तर काचेवर पाणी सारवत होतो. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर त्यातलं काही कळलं नाही. लालभडक झाडं, ढगाळ आभाळ आणि भरपूर पाणी हे तिन्ही एकाच दिवशी मिळणं किती अवघड असतं ते या वाटांवर फिरणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून ही यादी, आणि म्हणून तिच्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येणार आहे.

ती गोष्ट आधी. सॅकमध्ये दुसरं काहीही टाकण्यापूर्वी मायक्रोफायबरची कोरडी फडकी ठेवा, एका दिवसाला किमान सहा. दोन दिवसांचा ट्रेक असेल तर बारा. वजन नगण्य असतं, तेव्हा जास्त होतात म्हणून कमी करू नका. झिपलॉकच्या दोन पिशव्या घ्या. एकीत कोरडी फडकी, दुसरी रिकामी. वापरलेलं फडकं रिकाम्या पिशवीत जाईल, कोरड्यांत परत कधीच जाणार नाही. जॅकेटच्या खिशात फडकं ठेवू नका. चढताना घामाने आणि धबधब्यापाशी तुषारांनी खिसा ओला होतो, माझं तसंच झालं. सोबत पाणी शोषणारा एक छोटा टॉवेल हवा. मोठे थेंब आधी टॉवेलने टिपायचे आणि मग फडक्याने काच साफ करायची, म्हणजे फडकं लवकर भिजत नाही. टिश्यू पेपर नको, त्याचा लगदा होतो. ब्लोअर (हवा फुंकून धूळ उडवणारा रबरी फुगा) मात्र हवाच. काचेवर वाळूचा कण असताना फडकं फिरवलंत तर ओरखडा कायमचा राहील.

थेंब इतके नडतात त्याला कारण आहे. पाणी रेशमासारखं दिसावं म्हणून आपण शटर मंद ठेवतो आणि प्रकाश कमी करायला अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं छिद्र) बारीक करतो. अ‍ॅपर्चर मोठं असताना लेन्सवरचा थेंब चित्रात विरघळून जातो, एफ/११ किंवा एफ/१६ अशा बारीक छिद्राला तोच थेंब ठसठशीत डाग होऊन उमटतो. त्यात लेन्स वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी असली तर आणखी वाईट. म्हणजे धबधब्याचा फोटो काढायची जी पद्धत, तीच थेंब दाखवायचीही पद्धत आहे. यावर फडक्याशिवाय दुसरा उपाय नाही.

आता दिवस कोणता निवडायचा ते. दिवस लहान होतात, पानातलं हरितद्रव्य मोडत जातं आणि आधीपासूनच पानात असलेला पिवळा रंग वर येतो. लाल रंग बराचसा त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री न गोठवणारी थंडी असेल तर तो अधिक खुलतो. पण धबधब्याला पाणी हवं म्हणजे पाऊस हवा, आणि जोराचा पाऊस व वारा तीच पानं झाडून टाकतो. ही ओढाताण सुटत नाही. माझा कौल मध्यम पावसानंतरच्या दुसऱ्या दिवसाला, तोही ढगाळ असेल तर. ऊन पडलं की पाणी पांढरंफटक, सावल्या काळ्याठिक्कर आणि रंग फिके. उंचावर पानं आधी रंगतात, तेव्हा उशीर झालाच तर खालच्या दरीतले धबधबे धरा. आणि झाडं बोडकी झाली म्हणून परतू नका. ओल्या खडकांवर चिकटलेली पानं फांदीवरच्या पानांपेक्षा सुंदर दिसतात, असं माझं ठाम मत आहे.

कॅमेरा, कार्ड, चार्जर यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. जादा बॅटऱ्या अंगालगतच्या आतल्या खिशात ठेवा, थंडीत त्या लवकर बसतात. ट्रायपॉड घेताना त्याची प्लेट कॅमेऱ्याला लागलेली आहे का ते घरीच बघा.

पोलरायझर विसरायचा नाही. लोक त्याला निळ्या आभाळाचा फिल्टर समजतात. पानगळीत त्याचं खरं काम ओल्या पानांवरची आणि खडकांवरची चकाकी काढणं हे आहे. चकाकी गेली की पानाचा मूळ रंग दिसतो, आणि तो परिणाम नंतर संगणकावर आणता येत नाही. पोलरायझर एक ते दोन स्टॉप प्रकाशही खातो (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा), त्यामुळे दाट झाडीत, ढगाळ दिवशी एनडी फिल्टरची, म्हणजे फक्त प्रकाश कमी करणाऱ्या गडद काचेची गरज बहुतेक वेळा पडत नाही. तरी सहा स्टॉपचा एक एनडी घ्या. त्याने १/३० सेकंदाचं एक्स्पोजर सुमारे २ सेकंदांवर जातं, तेवढं पुरतं. फिल्टर लेन्सच्या मापाचे आहेत ना, ६७ मिलिमीटरच्या लेन्सला ७७ चा तर उचलला नाहीत ना, हे निघायच्या आदल्या रात्री लावून बघा. आणि फिल्टर लावला म्हणजे लेन्स सुरक्षित झाली असं समजू नका. आता थेंब फिल्टरवर बसतील. दोन फिल्टर एकावर एक असतील तर मधल्या फटीतही ओल जाते आणि ते सोडवून पुसावे लागतात. फडकी मोजलीत का? पुन्हा मोजा.

पायात चांगली पकड असलेले बूट, सॅकमध्ये जादा मोजे, सुती कपडे नकोत, सॅकला पावसाचं कव्हर. हेडटॉर्च सकाळी निघत असलात तरी घ्या. शरदसंपातानंतर (शरदात दिवस-रात्र समान होतात त्यानंतर) मध्य अक्षांशांत दिवस रोज दोन-तीन मिनिटांनी आखडतो, दरीत सूर्य त्याहून आधी जातो आणि फोटो काढताना तासाभराचं भान राहत नाही.

ओल्या खडकावर पडलेली पानं म्हणजे घसरगुंडी, खालचं शेवाळ दिसतच नाही. काठी टेकल्याशिवाय पाऊल टाकू नका. धबधब्याच्या माथ्यावर, काठाशी फोटोसाठी उभं राहू नका, कुठल्याही फोटोसाठी नाही. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या वाहत येऊ लागल्या किंवा आवाज वाढला तर ट्रायपॉड गुंडाळत बसू नका, आधी वर चढा.

तिथे पोचल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढू नका. आधी वारा कुठून येतोय ते बघा. तुषार ज्या बाजूला उडतायत ती बाजू सोडा. चौकट ठरेपर्यंत लेन्सवर झाकण ठेवा, किंवा लेन्स खाली करून ठेवा. मग ट्रायपॉड, मधला दांडा खाली, पाय खडकावर. वाहत्या पाण्यात पाय रोवले तर प्रवाहाने कॅमेरा थरथरतो. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) १००, एफ/८ ते एफ/११, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल. शटर १/४ सेकंदापासून सुरू करून २ सेकंदांपर्यंत जा. पाण्याचा पोत मला १/२ सेकंदाच्या आसपास आवडतो, त्यापलीकडे मोठ्या धबधब्याचा नुसता कापूस होतो. डोहात फेसाबरोबर पानं गोल फिरत असतील तिथे मात्र एनडी लावून १५ ते ३० सेकंद द्या, रंगीत वर्तुळं उमटतात. गर्द झाडी पाहून कॅमेरा चित्र उजळवतो आणि पाणी जळून जातं, तेव्हा हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघून एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप कमी करा. वाऱ्याने पानं हलत असतील तर त्याच चौकटीत आयएसओ वाढवून, वेगवान शटरचा एक जादा फोटो घ्या. पाणी एकातून, पानं दुसऱ्यातून, घरी जोडता येतं. शटर दाबायला दोन सेकंदांचा टायमर.

आणि प्रत्येक फोटोच्या आधी काच पुसा. दर चार-पाच फोटोंनी नाही, प्रत्येक. टॉवेलने टिपा, कोरड्या फडक्याने पुसा, तळहात आडवा धरा, टायमर दाबा, शटर उघडायच्या क्षणी हात काढा. फोटो झाला की तो पूर्ण मोठा करून चारही कोपरे बघा. ठिपका दिसला तर तो फोटो गेला, तिथेच पुन्हा काढा. फडकं दमट लागायला लागलं की बदला. जरासं दमट आहे, चालेल, असं मीही म्हटलं होतं.

उतरायला उजेड असतानाच लागा. कॅमेरा गरम खोलीत उघडण्याआधी बंद पिशवीत तासभर राहू द्या, नाहीतर आत बाष्प धरेल. बूट, ट्रायपॉडचे पाय वाळवा. फडकी धुऊन, कडकडीत वाळवून, मोजून लगेच पिशवीत, आणि पिशवी सॅकमध्येच.