मीटरगेजच्या वाफेच्या इंजिनाचं मोठं मॉडेल: क्षाराचे ओघळ, काजळी आणि काळी माती

इंजिनावर मळ उगीच कुठेही बसत नाही. धूर वर बसतो, तेल चाकं फिरवणाऱ्या रॉडभोवती, क्षार बंबाच्या (बॉयलरच्या) कडेला आणि धूळ खाली. मॉडेलवर एक डाग टाकण्याआधी तो कशामुळे पडला असता, हे सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर तो डाग टाकू नका.

मनमाड–परभणी–पूर्णा हा मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज होईपर्यंत मीटरगेज होता. त्या गेजवरच्या वायपी (प्रवासी गाडीच्या) किंवा वायजी (मालगाडीच्या) इंजिनासाठी १:२२.५ हे प्रमाण सोयीचं, कारण १००० मिमीचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ४४.४ मिमी होतो आणि मॉडेलचा ४५ मिमी रूळ चालून जातो. प्रत्येक माप २२.५ ने भागायचं. वायपीचं मोठं चाक १३७२ मिमी, म्हणजे मॉडेलवर ६१.

खालची रीत विजेवर चालणाऱ्या मॉडेलसाठी आहे. खऱ्या वाफेवर चालणाऱ्या मॉडेलच्या तापलेल्या बंबावर हे रंग टिकत नाहीत.

आधी बॉडी चासीपासून (चाकांच्या सांगाड्यापासून) वेगळी करा आणि कोमट पाणी व भांड्यांच्या साबणाने धुऊन रात्रभर वाळवा. बोटांचा तेलकटपणा राहिला तर रंग पापुद्र्यासारखा निघतो. चाकांची रुळावर टेकणारी कडा आणि वीज घेणाऱ्या पट्ट्या मास्किंग टेपने झाका.

पाइपांसाठी घरातल्या वायरिंगचे तुकडे उत्तम. १ चौ.मिमीची एकपदरी तांब्याची तार १.१ मिमी जाड भरते, २.५ ची १.८ मिमी. म्हणजे २५ आणि ४० मिमीचे पाइप झाले. तार सरळ करायला एक टोक पकडीत धरून दुसरं ओढा, जरा ताणली की आपोआप सुतासारखी होते. टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, खराच दगडी कोळसा फोडून २ ते ५ मिमीचे खडे निवडा, चाळून भुगा काढा, मग फेव्हिकॉल आणि पाणी निम्मेनिम्मे करून वरून थेंब थेंब सोडा.

मूळ रंग निव्वळ काळा नको, त्यावर सावलीच उमटत नाही. काळ्याचे ८ भाग, करड्याचा १ आणि तपकिरीचा १ घ्या. ॲक्रिलिक असेल तर २४ तास वाळू द्या. मग ट्यूबमधला बर्न्ट अंबर तेलरंग मटाराएवढा, काळा मसुराएवढा, त्यात ३ चमचे टर्पेंटाइन. हे पातळ पाणी रिव्हेटांभोवती आणि सांध्यांत सोडा आणि १५ मिनिटांनी टर्पेंटाइनमध्ये किंचित भिजवलेल्या कापडाने वरचेवर पुसा. खालचा रंगही टर्पेंटाइनमध्ये विरघळणारा असेल तर तो यासोबतच उठून येईल, म्हणून आधी टेंडरच्या तळाशी करून बघा.

आता क्षार. बोअरचं पाणी भरलेल्या बादलीच्या काठावर जी पांढरट, किंचित पिवळी कड धरते, तोच रंग हवा. पांढऱ्यात टोचणीच्या टोकाएवढा पिवळसर मातकट रंग मिसळा. शून्य नंबरच्या ब्रशने बंब धुण्याच्या बुचांखाली, पाणी आत घेणाऱ्या व्हॉल्व्हखाली आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या बाजूने बारीक रेघा ओढा. लगेच जेमतेम ओलसर चपटा ब्रश वरून खाली, एकाच दिशेने फिरवा. ओघळ उगमाशी दाट, खाली जाताना विरत गेला पाहिजे. बंबाच्या गोलाईवर तो सरळ न जाता बंबाभोवतीच्या पट्टीला अडतो, तिथे थोडा साचतो आणि मग पुढे जातो. हे साचणं दाखवलं की काम खरं वाटतं. सगळ्या बुचांना सारखे ओघळ देऊ नका, दोनच गळकी असू द्या.

धुराड्यामागे आणि कॅबच्या छतावर काळ्या पेस्टलची भुकटी घासा, स्मोकबॉक्सच्या (बंबाच्या पुढच्या, धूर जमणाऱ्या भागाच्या) दाराखाली राखेचा करडा. रॉड आणि क्रॉसहेडला (पिस्टनचा दांडा रॉडला जोडणाऱ्या ठोकळ्याला) मात्र चकचकीत तपकिरी-काळा द्या. तिथे तेल कधी वाळत नाही.

धुळीसाठी काळी मातीच वापरा, पण तयार करून. ढेकूळ फोडून तव्यावर १० मिनिटं कोरडी भाजा आणि दुपदरी मलमलीतून वस्त्रगाळ करा. नंतर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक तिच्यातून चार-पाच वेळा फिरवा. बेसाल्टपासून झालेल्या या मातीत लोहाचे काळे कण असतात. ते मोटरच्या चुंबकाला चिकटले की मोटर गेली. माती पाण्यात कालवून तर मुळीच लावू नका: ती भिजली की फुगते आणि वाळली की शेताला पडतात तशाच भेगा पडतात. कोरडीच मऊ ब्रशने फुटप्लेटच्या (बंबाच्या बाजूने जाणाऱ्या फळीच्या) खाली, पायऱ्यांवर आणि चाकांच्या आऱ्यांत थोपटा, मग ब्रशच्या टोकाने टर्पेंटाइनचा थेंब टेकवा, तो आपणच पसरतो.

शेवटचं मॅट वार्निश रॉड सोडून सगळीकडे फवारा, सुमारे २० सेमीवरून, दोन पातळ हातांत. वार्निशने माती गडद होते, म्हणून धूळ हवी त्यापेक्षा एक छटा फिकट ठेवा. एप्रिल-मेच्या दुपारी मारलं तर थेंब हवेतच वाळून पृष्ठभाग पॉलिशपेपरसारखा खरखरीत होतो, सकाळी ८ च्या आत उरका. पावसाळ्यात उलट, दमट हवेने वार्निश दुधाळ पडतं. उघडीप बघून मारा. टेप काढल्यावर चाकांच्या कडा टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच रुळावर वीज सोडा.