नेक्स्टक्लाउड ऑफिसात बसवताय? या चुका टाळा

फाइली, कॅलेंडर, चॅट, व्हिडिओ कॉल, एकाच कागदावर चौघांनी मिळून लिहिणं, हे सगळं स्वतःच्या सर्व्हरवर हवं म्हटलं की नेक्स्टक्लाउडचं नाव निघतंच. २०१६ साली फ्रँक कार्लिचेक आणि त्यांचे सहकारी ओनक्लाउड या तशाच सॉफ्टवेअरच्या कंपनीतून बाहेर पडले आणि जर्मनीत हा मुक्त स्रोताचा प्रकल्प सुरू झाला. माणशी भाडं नाही, म्हणून मालक खूश. इन्स्टॉलर चालवला, अ‍ॅडमिनचा पासवर्ड दिला, निळा डॅशबोर्ड उघडला, की काम फत्ते झालं असं वाटतं. पण सोमवारी तीस माणसं एकदम लॉगिन करतात आणि फोन वाजायला लागतो.

या तक्रारी बहुतेक वेळा नेक्स्टक्लाउडच्या नसतातच. दुखणं डीएनएसमध्ये (नावावरून आकडी पत्ता, म्हणजे आयपी, सांगणारी यंत्रणा), राउटरमध्ये, पीएचपीत (नेक्स्टक्लाउड ज्या भाषेत लिहिलंय ती) किंवा मेल सर्व्हरमध्ये असतं, फक्त दिसतं नेक्स्टक्लाउडच्या पडद्यावर. म्हणून चुकीच्या जागी औषध लावलं जातं आणि तीनदा री-इन्स्टॉल करूनही तोच एरर येतो.

आधी ठरवायच्या गोष्टी

काही निर्णय नंतर फिरवता येतात, काही सुखासुखी फिरत नाहीत. डेटाबेस हा दुसऱ्या जातीतला. एसक्युलाइट हा एका फाइलीतला छोटा डेटाबेस चाचणीपुरता ठीक. सगळ्यांचे डेस्कटॉप क्लायंट एकदम सिंक करायला लागले की डेटाबेस लॉक झाल्याचे संदेश सुरू होतात. मारियाडीबी किंवा पोस्टग्रेससारखा पूर्ण डेटाबेस सर्व्हर पहिल्याच दिवशी घ्या. मागाहून बदलायची कमांड आहे, पण भरलेल्या सर्व्हरवर ती चालवायची वेळ शत्रूवरही येऊ नये.

डेटा फोल्डर कुठे ठेवायचा हेही तसंच. तो वेब सर्व्हरच्या फोल्डरच्या बाहेर, मोठ्या डिस्कवर ठेवा. डिस्क भरली की फोल्डर हलवू आणि कॉन्फिगमधली एक ओळ बदलू, असा सगळ्यांचा बेत असतो. पण तो पत्ता डेटाबेसातही लिहिलेला असतो. तिथे जुना राहिला तर सर्व्हरला ही वेगळीच स्टोरेज वाटते आणि शेअर केलेल्या लिंका तुटतात.

आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी. ती म्हणजे विंडोज सर्व्हरवरची कर्मचाऱ्यांच्या खात्यांची यादी. तिच्याशी एलडॅपने (अशी यादी वाचायच्या पद्धतीने) जोडताना नेक्स्टक्लाउड प्रत्येक माणसाला आतलं एक नाव देतं. काही बदललं नाही तर ते लांबलचक यूयूआयडी, म्हणजे आकडे-अक्षरांची ओळखखूण, असतं, आणि डेटा फोल्डरमधल्या उपफोल्डरला तेच नाव लागतं. तुम्हाला तिथे साधं लॉगिन नाव हवं असेल तर पहिला माणूस आत येण्याआधी ठरवा. पुढे केलेला बदल फक्त नव्या लोकांना लागू होतो. ‘मॅपिंग पुसा’ असं बटण तिथे दिसेल. चालत्या सर्व्हरवर त्याला हात लावू नका. सगळे जण नवीन म्हणून नोंदले जातात आणि सकाळी प्रत्येकाचं खातं रिकामं.

बाहेरून उघडतं, ऑफिसातून उघडत नाही

हा प्रकार इतक्या ठिकाणी घडतो की सविस्तर सांगतो. सर्व्हर ऑफिसातच, कोपऱ्यातल्या रॅकमध्ये. स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी घेतलेला, कंपनीच्या डोमेनवर नाव लावलेलं. घरून, मोबाइलवरून छान चालतं. ऑफिसच्या वायफायवर मात्र पान गोल गोल फिरतं. कारण आतला संगणक ऑफिसचाच बाहेरचा आयपी मागतो आणि बरेच राउटर ती मागणी पुन्हा आत वळवत नाहीत.

मग कोणीतरी जाणता म्हणतो, “अरे, १९२.१६८ वालं टाक ना.” तो ऑफिसातला आयपी टाकला की अविश्वासू डोमेनचा इशारा. मग कॉन्फिगच्या ट्रस्टेड डोमेन्समध्ये (कोणत्या पत्त्यांनी सर्व्हर उघडावा, ती यादी) तो आयपी घालतात, कंटाळलेला माणूस तर सरळ * हे चिन्ह टाकून सगळ्यांनाच परवानगी देतो. आता पान उघडतं, पण साइट खरी असल्याचं सर्टिफिकेट नावावर घेतलेलं, आयपीवर नाही, म्हणून ब्राउझर लाल होतो. लोक ‘तरीही पुढे जा’ दाबायला शिकतात. आठवड्याने अकाउंट्समधल्या मॅडम ग्राहकाला कोटेशनची लिंक पाठवतात आणि ग्राहकाचा फोन येतो की लिंक उघडत नाही. कशी उघडेल? ती १९२.१६८ ने सुरू होते.

तक्रारी तीन-चार, मूळ एकच. ऑफिसच्या आतल्या डीएनएसमध्ये, मग तो राउटरमधला असो की विंडोज सर्व्हरमधला, त्याच नावासमोर आतला आयपी लिहा. नाव सगळीकडे एकच राहू द्या. आयपीने उघडायची सवय एकालाही लावू नका.

स्टॅटिक आयपी न घेता साध्या ब्रॉडबँडवर हे करणाऱ्यांनी आधी राउटरच्या पानावर डब्ल्यूएएन, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, आयपी बघावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान असेल तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या सामायिक आयपीमागे आहात आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची मागणी राउटरमधून सर्व्हरकडे वळवणं) कितीही केलंत तरी बाहेरून कोणी आत येणार नाही.

नेक्स्टक्लाउडच्या पुढे एनजिनएक्ससारखा रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे मागण्या आधी स्वतः घेऊन आत पाठवणारा सर्व्हर, असेल तर कॉन्फिगमधल्या दोन ओळी हमखास राहून जातात. ‘ओव्हरराइट प्रोटोकॉल’ एचटीटीपीएस केला नाही तर ब्राउझरमध्ये सगळं ठीक आणि मोबाइल अ‍ॅप परवानगी देण्याच्या पानावर अडकलेलं. ‘ट्रस्टेड प्रॉक्सीज’ भरलं नाही तर प्रत्येक माणूस प्रॉक्सीच्या एकाच आयपीवरून आल्यासारखा दिसतो. मग एकाने चार वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की सुरक्षेसाठी सर्व्हर त्या आयपीचं लॉगिन मुद्दाम संथ करतो, म्हणजे अख्ख्या ऑफिसचं. लोक म्हणतात, सर्व्हर स्लो आहे. रॅम वाढवून काही होत नाही.

लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. ते संपत आल्याचे मेल त्यांनी जून २०२५ पासून बंद केले आहेत, तेव्हा आठवण येईल या भरवशावर राहू नका. ‘सुरक्षेसाठी’ ८० नंबरचा पोर्ट बंद करणाऱ्यांचं नूतनीकरण नेहमीच्या पद्धतीने होत नाही आणि हे तीन महिन्यांनी कळतं. ते सर्टिफिकेट आणणाऱ्या सर्टबॉटची लुटुपुटूची नूतनीकरण चाचणी आजच चालवून बघा.

मोठी फाइल चढत नाही, दहा वाजता सगळं लटकतं

पीएचपीची मूळ मर्यादा २ एमबीच्या अपलोडची आहे, एनजिनएक्सची १ एमबीची. ४१३ नंबरचा (फाइल फार मोठी) एरर दिसला तर तो बहुधा एनजिनएक्सकडून आलेला असतो; पीएचपीत कितीही आकडे वाढवा, फरक पडणार नाही. उलटंही होतं. मेमरी लिमिट शिफारशीप्रमाणे ५१२ एमबी केलं, सर्व्हर रीस्टार्ट केला, तरी इशारा जात नाही. डेबियन-उबुंटूवर पीएचपीची कॉन्फिग फाइल एक नसते. कमांड लाइनची वेगळी, एफपीएमची (वेब सर्व्हरसाठी पीएचपी चालवणाऱ्या सेवेची) वेगळी, अपाचे वेब सर्व्हरची वेगळी. तुम्ही भलतीच बदललेली असते.

आणि ते सकाळी दहाचं, सगळे एकदम कामाला बसतात तेव्हाचं, लटकणं. एफपीएमच्या लॉगमध्ये ‘मॅक्स चिल्ड्रन’ची मर्यादा गाठली अशी ओळ शोधा. डेबियनमध्ये ही मर्यादा मुळात ५ असते, म्हणजे एका वेळी पाचच विनंत्या, बाकीचे रांगेत. डेस्कटॉप क्लायंट दिवसभर विचारत असतात की काही नवीन आहे का, आणि रांग हलत नाही. रॅम बघून हा आकडा वाढवा. फाइल लॉकिंगसाठी (एकच फाइल दोघांनी एकदम बदलू नये म्हणून) रेडिस हा मेमरीत चालणारा साठा लावा, नाहीतर तो भारही डेटाबेसवर पडतो.

परवानगीचा एरर आला की ७७७ करणं (फोल्डर सगळ्यांना खुलं करणं) आणि रॉकी किंवा अल्मा लिनक्सवर असाल तर एसईलिनक्स ही सुरक्षा यंत्रणा बंद करणं, हे दोन्ही उपाय इंटरनेटवर फुकट मिळतात. दोन्ही करू नका. मालकी वेब सर्व्हरच्या युजरकडे द्या, एसईलिनक्सला त्या फोल्डरचं योग्य लेबल द्या, बस.

क्रॉन आणि मेल

बॅकग्राउंडची कामं मुळात एजॅक्सवर असतात, म्हणजे कोणी पान उघडलं तरच होतात. ती क्रॉनवर, म्हणजे लिनक्सच्या वेळापत्रकावर, घ्या, दर ५ मिनिटांनी, आणि ती नोंद रूटच्या नव्हे तर वेब सर्व्हरच्या युजरच्या क्रॉनटॅबमध्ये करा. हे झालं नाही तर कचरापेटी रिकामी होत नाही, सूचनांचे मेल जात नाहीत, आणि डिस्क का भरली ते कोणाला कळत नाही.

मेलसाठी पोर्ट २५ च्या मागे लागू नका, बऱ्याच क्लाउड कंपन्या तो बंदच ठेवतात, ५८७ वापरा. चाचणीचा मेल जात नसेल तर आधी अ‍ॅडमिनच्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये मेल पत्ता भरलाय का बघा. हसू नका, अर्ध्या वेळा तेवढंच असतं.

कॉल लागतो, पण फक्त ऑफिसातल्या ऑफिसात

टॉक हा नेक्स्टक्लाउडचा व्हिडिओ कॉलचा भाग बसवल्यावर दोन टेबलांमधला कॉल सुंदर चालतो, साहेबांना दाखवून टाळ्याही मिळतात. मग साइटवरचा इंजिनिअर मोबाइल डेटावरून जोडायला जातो आणि नुसतं ‘जोडत आहे’. दोन्ही टोकं आपापल्या राउटरमागे असली की सरळ वाट सापडेलच असं नाही. मध्ये टर्न, म्हणजे आवाज-चित्र पुढे पोचवणारा, सर्व्हर लागतो. कोटर्न त्यासाठी चांगलं आहे. त्याचा ३४७८ पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी उघडा आणि रिलेसाठी लागणारे यूडीपी पोर्टही. ते दुसरं बहुतेक जण विसरतात. सेटिंगच्या पानावर टर्न तपासायचं बटण आहे, पण खरी चाचणी एकच: एक फोन वायफायवर, दुसरा मोबाइल डेटावर.

माणसं वाढली की वेगळी अडचण. साध्या मांडणीत प्रत्येक जण आपलं चित्र बाकी प्रत्येकाला स्वतंत्र पाठवतो. सहा जणांच्या मीटिंगमध्ये प्रत्येकाच्या घरून पाच प्रवाह वर चढतात. टर्न नीट असूनही कॉल तुटतो तो इथे. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येकाचा एकच प्रवाह घेऊन बाकीच्यांना वाटणारा हाय परफॉर्मन्स बॅकएंड. तो वेगळा बसवावा लागतो, आणि तो बसवायची तयारी नसेल तर मोठ्या मीटिंगचं आश्वासन साहेबांना देऊ नका.

मराठी फाइली

हा भाग बाहेरच्या मार्गदर्शिकांत सहसा सापडत नाही. कोलाबोरा हे ब्राउझरमध्ये कागद लिहायचं सॉफ्टवेअर जोडल्यावर कागदपत्र उघडत नसेल तर लक्षात घ्या, की ब्राउझर कोलाबोराशी बोलतो तसं कोलाबोरालाही नेक्स्टक्लाउडशी त्याच नावाने बोलता आलं पाहिजे. वर सांगितलेलं राउटरचं दुखणं इथेही आडवं येतं. कोलाबोराच्या मशीनवरून नेक्स्टक्लाउडचा पत्ता उघडतो का, ते आधी पाहा.

कागद उघडला, तर फाँट. विंडोजवरचा मंगल फाँट कोलाबोरा चालतो त्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये नसतो. त्याच्या जागी दुसरा लागतो, ओळी लांबतात आणि दोन पानांचं परिपत्रक तिसऱ्या पानावर सांडतं. ‘नेक्स्टक्लाउड ऑफिस’ या कोलाबोरा जोडणाऱ्या भागाच्या सेटिंगमध्ये जादा फाँट चढवायची सोय आहे. नोटो सान्स देवनागरीसारखा एक मुक्त फाँट ठरवून तोच सगळ्या संगणकांवरही टाकलात तर कटकट मिटते.

फायलींच्या नावांचं प्रकरण जास्त चिवट. ‘कर्मचाऱ्यांची हजेरी’ घ्या. यातला ऱ्य युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी येतो: कधी ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावून, कधी साध्या र ला हलन्त आणि मागे एक न दिसणारा जोडक लावून. कोणता येईल ते टायपिंगच्या साधनावर ठरतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच, सर्व्हरला मात्र वेगळे. त्यामुळे फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली दिसतात आणि शोधल्यावर एकच सापडते. याला तांत्रिक उपाय नाही. ऑफिसात एकच मराठी कीबोर्ड ठरवणं हाच.

जुन्या मॅकच्या डिस्कवरून थेट सर्व्हरवर फाइली ओतल्या तर आणखी एक गंमत. तिथे ऱ हा र आणि नुक्ता (खालचा ठिपका) असा फोडून ठेवलेला असतो. बाकी फाइली स्कॅनच्या कमांडने दिसायला लागतात (थेट फोल्डरात टाकलेल्या फाइली त्याशिवाय दिसत नाहीतच), पण एवढ्या मात्र एन्कोडिंग जुळत नाही म्हणून बाजूला पडतात. स्कॅन चालताना तसा इशारा येतो, पण शेकडो ओळींत तो वाचतो कोण. डेस्कटॉप क्लायंटमधून चढवा, किंवा नावं आधी एकरूप करून घ्या. बाह्य स्टोरेज जोडत असाल तर तिथे मॅकच्या एन्कोडिंगचा पर्याय आहे, पण तो संथ चालतो.

डॉकर आणि अपग्रेड

डॉकरने, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतंत्र कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनाने, बसवणाऱ्यांनो, डेटाबेस आणि रेडिसचे पोर्ट बाहेर उघडू नका. ‘यूएफडब्ल्यू फायरवॉल लावलंय ना’ म्हणाल, तर डॉकरने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यूला वळसा घालून जातो.

इमेजवर (ज्या साच्यातून कंटेनर उभा राहतो त्यावर) ‘लेटेस्ट’ असा टॅगही लावू नका. नेक्स्टक्लाउडला एका वेळी एकच मोठी आवृत्ती चढता येते. २८ वरून ३१ ला जायचं तर २९, ३०, मग ३१. वर्षभर हात न लावलेला ‘लेटेस्ट’ कंटेनर नव्याने उतरवलात की त्याने मध्ये दोन आवृत्त्या उडी मारलेली असते आणि तो सुरूच व्हायला नकार देतो. अशा वेळी घाबरून व्हॉल्यूमसकट सगळं खाली पाडणारी कमांड देऊ नका, डेटा त्यातच असतो. टॅगवर पुढच्या एकाच आवृत्तीचा आकडा लिहा, कंटेनर चढू द्या, मग त्यापुढचा.

प्रत्येक पायरीआधी मेंटेनन्स मोड चालू करून डेटाबेस, डेटा फोल्डर आणि कॉन्फिग या तिन्हींचा एकाच वेळचा बॅकअप घ्या. कॉन्फिग लहान म्हणून वगळतात. त्यातली ‘सीक्रेट’ची ओळ गेली तर बाह्य स्टोरेजचे साठवलेले पासवर्ड परत उघडत नाहीत. पायरी चढल्यावर डेटाबेसचे राहिलेले इंडेक्स जोडायची कमांड चालवा, आणि बंद पडलेली अ‍ॅप्स नव्या आवृत्तीला चालतात का ते एकेक करून बघा. कॅलेंडर आणि टॉक आधी, बाकीची सावकाश.