युद्धात गेलेल्या पोर्ट्रेट चित्रकारावर टिपण कसं लिहावं

दळवीज आर्ट्स किंवा कलानिकेतन या कोल्हापूरच्या कलाशाळांच्या विद्यार्थ्यांना सातशे शब्दांचं टिपण करायचं असेल, तर मृत्यूला पन्नासच शब्द द्यावेत. पेन आधी रणांगणाकडे धावतं आणि चित्रं मागं राहतात. वाईट वाटतं ते याचंच.

लिहिण्याआधी वहीत तक्ता आखा: साल, चित्रातली व्यक्ती, माप, सध्या कुठे, पुरावा. पुराव्याचा रकाना रिकामा असेल, तर ती ओळ टिपणात घेऊ नका.

सालाची खात्री करणं सगळ्यात किचकट. फ्रेडरिक बाझीय हा फ्रेंच चित्रकार १८४१ मध्ये माँपेलिएला जन्मला, वैद्यकी शिकायला पॅरिसला आला आणि चित्रकार ग्लेरच्या स्टुडिओत मोने, रेन्वारबरोबर रमला. त्याच्या कौटुंबिक समूहचित्रावर १८६७ साल आहे, पण १८६८ च्या प्रदर्शनानंतर त्याने ते पुन्हा हाती घेतलं, कुत्री पुसून तिथे स्थिरचित्र घातलं. म्हणजे सहीचं साल हे चित्र पुरं झाल्याचं साल नव्हे. रंगवणारा हात कोणाचा तेही तपासा: बाझीयच्या १८७० च्या स्टुडिओच्या चित्रात त्याची स्वतःची आकृती एदुआर माने या दुसऱ्या चित्रकाराने रंगवलेली आहे. त्याच वर्षी बाझीय फ्रान्स-प्रशिया युद्धात सैन्यात गेला आणि २८ नोव्हेंबरला बोन-ला-रोलांदच्या लढाईत मारला गेला, एकोणतिसावा वाढदिवस आठवड्यावर असताना.

मूळ चित्र पाहायला मिळालं, तर परवानगी घेऊन फोटो काढा. फ्लॅश नको, वॉर्निशवर चमक येते. खिडकीचा प्रकाश बाजूने घ्या. कॅनव्हासची मागची बाजूही टिपा, चौकटीवरच्या चिठ्ठ्या तिथेच असतात.

ऐकीव गोष्ट वेगळी ठेवा. शाहू महाराज १९२२ मध्ये गेल्यावर चित्रकार आबालाल रहिमान यांनी आपली चित्रं कोटितीर्थ तलावात टाकली, असं कोल्हापुरात सांगतात. टिपणातही 'असं सांगतात' हेच शब्द हवेत.

चित्रकार पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश किंवा भारतीय सैन्यातून लढला असेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या युद्धमृतांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेची यादी शोधा. तिच्यात ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ एवढाच काळ आहे. मराठी नावांची स्पेलिंगं तिथे वाटेल तशी असतात. आडनाव सापडत नसेल, तर पलटण आणि वडिलांचं नाव धरून शोधा. बेपत्ता झाल्याची आणि मृत घोषित केल्याची तारीख निराळी निघाली, तर दोन्ही लिहा.