चढावर गाडी मागे जाण्याची धास्ती

पणजीतल्या आल्तिनो टेकडीच्या चढावर पुढची गाडी थांबली आणि मागे बस चिकटली, की नवशिक्याचे हातपाय गळतात. आधी सौम्य चढाच्या रिकाम्या रस्त्यावर, शेजारी जाणतं माणूस बसवून सराव करा. हँडब्रेक पूर्ण ओढा, पहिला गिअर टाका. क्लच हळूहळू सोडा. इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलतं. पाय तिथेच रोखा, थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या, मगच हँडब्रेक सोडा. गाडी बंद पडली तर क्लच घाईत सुटला. मागे सरकली तर हँडब्रेक लवकर सुटला.

भीती खरी असते ती बंद पडण्याची. म्हणून मुद्दाम गाडी बंद पाडून पाहा: ब्रेक घट्ट दाबून ठेवला की ती हलत नाही. फक्त पेडल पुन्हा पुन्हा दाबू नका, इंजिन बंद असताना ते कडक होत जातं.