जिमनी उंच करताय? या चुका टाळा

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या मातीच्या वाटांवर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल जातात. मधला उंचवटा डिफरन्शियलला (अ‍ॅक्सलवरच्या गिअरच्या गोळ्याला) भिडतो आणि गाडी तिथंच बसते. मग मारुती सुझुकी जिमनीचा मालक दोन इंची लिफ्ट किट (गाडी उंच करणारा लांब स्प्रिंगांचा संच) बसवतो, आणि पुढच्या पावसात गाडी पुन्हा तिथंच अडकते.

कारण जिमनीला पुढं-मागं अखंड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच दांडा) आहे. लांब स्प्रिंगनं बॉडी वर जाते, अ‍ॅक्सल मात्र चाकांच्या मध्यावरच राहतो. डिफरन्शियल उचलायचा तर मोठा टायरच हवा, आणि व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्मंच पदरात पडतं. मूळ १९५/८० आर१५ ऐवजी २३५/७५ आर१५ घातला तर व्यास ४० मिमी वाढतो, खालची मोकळीक २० मिमी. आधी ठरवा, घासतंय काय: पोट की डिफरन्शियल? शिवाय मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांविषयीचं कलम ५२ आणि विम्याच्या अटी किट घेण्याआधीच वाचा.

लिफ्टनंतर हायवेवर गाडी भरकटते, वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही, ही तक्रार हमखास येते. अलाइनमेंटवाल्याकडे टो (चाकांची आत-बाहेरची दिशा) कितीही जुळवून घ्या, फरक पडत नाही. अ‍ॅक्सल चेसीला जोडणारे पुढचे लिंक आर्म खाली झुकले की अ‍ॅक्सल फिरतो आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा झुकाव, जो स्टिअरिंग सरळ करतो) कमी होतो. त्यावर ऑफसेट बुश (भोक मध्यापासून सरकवलेले रबरी सांधे) किंवा बदललेले आर्म हाच उपाय. अ‍ॅक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा पॅनहार्ड रॉड मूळ लांबीचाच ठेवला तर अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. तिथं लांबी जुळवता येणारा रॉड लावा.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक मात्र फुकटात टळते. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळलेली, आणि मेकॅनिक लिंकचे बोल्ट आवळून मोकळा होतो. गाडी खाली उतरली की बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी कडक लागते, काही महिन्यांत बुश फाटतात. बोल्ट आधी हातानं लावा, गाडी चाकांवर उभी करा, दोनचार वेळा दाबून बसू द्या, मगच टॉर्क रेंचनं आवळा. आधीच चूक झाली असेल तर सगळे बोल्ट सैल करून हेच पुन्हा करा.

एक चाक पूर्ण लोंबकळत ठेवून ब्रेकचा होज (रबरी नळी) ताणला जातोय का, तेही पाहा.

ठरावीक वेगाला स्टिअरिंग थडथडत असेल तर लगेच नवा स्टिअरिंग डॅम्पर (थरथर शोषणारा भाग) घालू नका, त्यानं दोष फक्त झाकला जातो. गाडी उभी ठेवून एकानं स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवावं, दुसऱ्यानं खालून पॅनहार्ड रॉडची दोन्ही टोकं सैल हलतात का ते बघावं. तिथं काही हललं नाही तर चाकांचा बॅलन्स आणि किंगपिनचे (पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिचे) बेअरिंग तपासा.