विजेच्या गाड्यांच्या (ईव्ही) चार्जिंगची माणसं भरण्याआधी: एक तयारीची यादी

जाहिरातीचा मजकूर नंतर. आधी एक कोरा कागद घ्या आणि जागा हेरण्यापासून ते रात्री अकराला बंद पडलेला चार्जर पुन्हा सुरू होईपर्यंतचं काम कोणाकोणाच्या हातून जातं ते त्यावर मांडा. जागेची पाहणी, वीज वितरण कंपनीकडे जोडणीचा अर्ज, ट्रान्सफॉर्मर, पॅनेल, खोदाई, केबल, चार्जर उभा करणं, कमिशनिंग (म्हणजे तपासून पहिल्यांदा चालू करणं), सर्व्हरशी जोडणी, पैशांची वसुली आणि मग वर्षानुवर्षांची देखभाल. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय तिथे लाल खूण करा. मालक सांगतील तिथे ती पडेलच असं नाही. मला एकदा ‘ॲप बनवणारी दोन मुलं तातडीने हवीत’ असा निरोप आला होता. कागद मांडल्यावर दिसलं की उभे केलेले निम्मे चार्जर वीजजोडणीअभावी झाकून ठेवलेले आहेत आणि तो अर्ज रेटायला कुणी नेमलेलंच नाही.

त्याच कागदावर एसी चार्जर किती आणि डीसी किती हे लिहा. हा हिशेब न करता भरती सुरू झाली की पुढचं सगळं गंडतं. एसी चार्जर हा खरं तर चार्जर नसतोच. तो एक शहाणा स्विच असतो. विजेचं एसीतून डीसीत रूपांतर गाडीत बसवलेला चार्जर करतो. डीसी फास्ट चार्जरमध्ये मात्र तेच रूपांतर गाडीबाहेर, त्या मोठ्या कपाटात होतं. आत पॉवर मॉड्यूल रांगेने बसवलेले, त्यांना थंड ठेवणारे पंखे आणि फिल्टर, आणि जास्त करंटच्या यंत्रांत केबलसुद्धा द्रवाने थंड केलेली. पहिल्या कामाला चांगला परवानाधारक इलेक्ट्रिशियन पुरतो. दुसऱ्याला पॉवर इलेक्ट्रॉनिक्स हाताळलेला माणूस लागतो. दोघांना एकाच ‘ईव्ही इंजिनिअर’ या नावाखाली बोलावलं, तर येतात बहुतेक गाडीच्या बॅटरीबद्दल भरभरून बोलणारे उमेदवार. त्यांना अर्थिंग मोजायला सांगितलं की मुलाखत संपते.

पुढचं काम अनुभवाची अट खोडण्याचं. चार्जर आणि सर्व्हर यांच्यातल्या संवादाच्या ओसीपीपी या नियमावलीची १.६ ही आवृत्ती, जी आजही सर्रास चालते, ती २०१५ची. गाडी आणि चार्जर यांच्यातल्या डिजिटल संवादाचं आयएसओ १५११८-२ हे मानक २०१४चं, आणि त्याची पुढची पिढी, १५११८-२०, आली २०२२मध्ये. अशा क्षेत्रात ‘दहा वर्षांचा चार्जिंगचा अनुभव आवश्यक’ असं लिहिणाऱ्याला एक तर खोटं बोलणारे उमेदवार मिळतात किंवा शेजारच्या कंपनीतून जास्त पगारावर फोडलेले. दोघंही टिकत नाहीत.

त्याऐवजी शेजारच्या धंद्यांची यादी करा. यूपीएस आणि रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारं यंत्र) दुरुस्त करणाऱ्याला डीसी चार्जरचं पोट उघडल्यावर ओळखीचं घर दिसतं. सौर प्रकल्पांत काम केलेल्याला हजार व्होल्टच्या आसपासच्या डीसीची भीती आणि शिस्त दोन्ही ठाऊक असतात. मोबाइल टॉवरवर फिरणारा तंत्रज्ञ एकट्याने दूरवर जाऊन, फोनवर कंट्रोल रूमशी बोलत यंत्र उठवायला सरावलेला असतो. माझी खास पसंती मात्र एटीएम आणि लिफ्ट सांभाळणाऱ्यांना आहे. एटीएमही कुणी राखणदार नसलेलं, पैसे घेणारं-देणारं, नेटवर्कवर लटकलेलं आणि लोकांच्या रागाला तोंड देणारं यंत्र. लिफ्टवाल्याला तर माणूस आत अडकलेला असताना डोकं शांत ठेवायची सवयच असते. चार्जरचं यंत्र काही महिन्यांत शिकवता येतं, ही सवय नाही.

परवाने आणि प्रमाणपत्रं यांच्यासाठी वेगळा रकाना ठेवा. विद्युत कामासाठी स्थानिक कायद्याने कोणता परवाना लागतो ते जाहिरात निघण्याआधी लेखी काढून घ्या, आणि उमेदवाराचा परवाना जारी करणाऱ्या कार्यालयाकडूनच पडताळा. एवढं केलं की हा रकाना संपला. कागद सुरक्षिततेची हमी देत नाही, ती मुलाखतीतच चाचपावी लागते.

मुलाखतीची तयारी हा या यादीतला सगळ्यात मोठा भाग. एक दिवस त्यालाच द्या, आणि तुमच्याकडचा रोज यंत्राला हात लावणारा माणूस सोबत बसवा. नुसत्या एचआरने घेतलेली तंत्रज्ञाची मुलाखत म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. पहिला प्रश्न सुरक्षिततेचाच असू द्या: डीसी चार्जर बंद केला, आता हात कधी घालशील? ‘मेन स्विच पाडला की लगेच’ असं उत्तर आलं तर चहा पाजून निरोप द्या. आतले कपॅसिटर वीज तोडल्यावरही भारलेले राहतात. चांगला माणूस स्विचला कुलूप आणि पाटी लावण्याबद्दल बोलेल, यंत्रावर लिहिलेला थांबण्याचा वेळ सांगेल, मग टेस्टरने खात्री करेन म्हणेल. त्याहून चांगला माणूस तो टेस्टरही आधी आणि नंतर चालू विजेवर तपासून घेईन म्हणेल. डीसीची ठिणगी एसीपेक्षा जास्त हट्टी का, हेही विचारा. एसीचा करंट प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येतो आणि ठिणगीला विझायची संधी मिळते. डीसीत तो शून्यावर येतच नाही. हे ज्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येतं, तो घाईत चालू लोडवर कनेक्टर ओढणार नाही, अशी आशा ठेवता येते.

मग कागदावरचा बिघाड द्या. चालू यंत्र उघडायला लावू नका. तुम्ही न सांगताच उमेदवार झाकणाचे स्क्रू काढायला लागला तर तेही एक उत्तरच. लिहून द्या: एसी चार्जर ऑनलाइन आहे, गाडीला प्लग लावलाय, तरी पायलट वायरवर (चार्जर आणि गाडी यांच्यातली खुणेची तार) १२ व्होल्टच आहेत. जाणकार लगेच म्हणेल की चार्जरच्या लेखी गाडी आलेलीच नाही. प्लग लागला की ९ आणि गाडी तयार झाली की ६ व्होल्ट दिसायला हवेत, म्हणजे पायलटची तार, कनेक्टरची पिन किंवा गाडीची बाजू बघावी लागेल. याच्याही पुढे जाऊन कुणी म्हणालं की, ‘पण चार्जरने एक किलोहर्ट्झचा सिग्नल सुरू केल्यावर साधा मल्टिमीटर सरासरी दाखवेल, तेव्हा सिग्नलची लाट दाखवणारा ऑसिलोस्कोप आहे का?’ तर बाकीचे प्रश्न बाजूला ठेवा आणि पगाराचं बोलायला लागा.

डीसीवाल्यांसाठी दुसरा कागद: पावसाळ्यात एका ठिकाणी चार्जिंग सुरू होता होता इन्सुलेशन फॉल्ट (वीज आवरणातून गळत असल्याची खूण) येतो. इथे उत्तरापेक्षा उमेदवाराचा पहिला प्रश्न ऐका. ‘एकाच गाडीला येतो की सगळ्यांना?’ असं विचारणारा माणूस बिघाड गाडीत आहे की केबलमध्ये याची फोड करतोय. ‘कंट्रोलर बोर्ड बदलू या’ म्हणणारा तुमचे सुटे भाग संपवणार आहे. सीसीएस या डीसी चार्जिंगच्या पद्धतीत पॉवर सुरू होण्याआधी केबल तपासण्याचा टप्पा असतो आणि फॉल्ट तिथेच लागतोय, हे ओळखलं तर बोनस. सीसीएस गाडीशी संवाद पायलटच्याच तारेवरून करतं आणि चाडेमो ही दुसरी पद्धत कॅन बस या वेगळ्या तारांवरून, हेही येता येता विचारून घ्या. पाठांतर म्हणून नव्हे. दोन्हींच्या बंदुका (गाडीला लावायचे कनेक्टर) असलेल्या चार्जरमध्ये एक चालते आणि दुसरी नाही, तेव्हा या माहितीचा उपयोग होतो. एसी बसवणाऱ्याला मात्र अर्थ लीकेजचा प्रश्न हवाच: चार्जरच्या सर्किटला नेहमीचा टाइप ए आरसीडी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) एकटा का चालत नाही? गाडीकडून आलेला ६ मिलिॲम्पियरच्या वरचा डीसी लीकेज त्याला आंधळा करू शकतो, म्हणून डीसी गळतीही ओळखणारा टाइप बी लावायचा किंवा चार्जरमध्ये ६ मिलिॲम्पियरची डीसी ओळख हवी. घरातलं वायरिंग आणि चार्जरचं वायरिंग यांतला फरक ज्याला कळलाय त्याला हे तोंडपाठ असतं.

सॉफ्टवेअरची भरती त्यामानाने सोपी, कारण ही माणसं बाहेर आहेत. पेमेंट, टेलिकॉम किंवा आयओटीत (इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांत) काम केलेल्या, वेबसॉकेट (सर्व्हरशी सतत उघडी राहणारी जोडणी) आणि तुटक्या नेटवर्कशी झटापट केलेल्या व्यक्तीला ओसीपीपी उमजायला वेळ लागत नाही. परीक्षेसाठी ओसीपीपी १.६चा एक खरा लॉग (संदेशांची नोंद) द्या, ग्राहकाची माहिती पुसून. त्यात सुरुवातीचा संदेश पोचलाय, पण व्यवहार संपल्याचा संदेश नेटवर्क गेल्यामुळे दोन तासांनी आलाय. बिल किती वेळाचं लावाल? इथे ‘सर्व्हरवर संदेश आला ती वेळ’ म्हणणारा उमेदवार तुमच्या ग्राहकांशी तुमचं भांडण लावून देईल. २.०.१ आवृत्तीकडे जायचा विचार असेल तर तेही जाहिरातीत लिहा, तिथे व्यवहाराच्या संदेशांची रचनाच बदललेली आहे. प्लग लावताच आपोआप ओळख पटण्याची सोय द्यायची असेल तर डिजिटल प्रमाणपत्रांची साखळी सांभाळलेला माणूस वेगळा शोधा. तो चार्जिंगच्या बाजारात सापडत नाही, सायबर सुरक्षेच्या बाजारात सापडतो.

माझ्या मते पहिली नेमणूक मात्र यांपैकी कुणाचीच नसावी. ती असावी वीजजोडणी सांभाळणाऱ्याची. मंजूर लोड किती, ट्रान्सफॉर्मरवर जागा किती, लोड वाटून देऊन कमी जोडणीत भागेल का, याचा हिशेब करणारी आणि वितरण कंपनीतल्या अभियंत्याशी त्याच्याच भाषेत बोलणारी व्यक्ती. चार्जर काही दिवसांत उभा राहतो, जोडणी मात्र महिन्यांवर जाऊ शकते. ट्रकसाठीच्या मेगावॉट चार्जिंगचं मानक १२५० व्होल्ट आणि ३००० ॲम्पियरपर्यंत जातं. तसले प्रकल्प मनात असतील तर ही माणसं आत्ताच शोधा. वितरण कंपनीतून निवृत्त झालेले अभियंते इथे हिरे ठरतात, आणि त्यांना आठवड्याला तीन दिवसांची नोकरी चालते, बऱ्याचदा तीच हवी असते.

फोन उचलणाऱ्यांना विसरू नका. मदतकेंद्रावरचा माणूस दूरवरून चार्जर रीस्टार्ट करू शकतो, गाडीत अडकलेला कनेक्टर कसा सोडवायचा ते शांतपणे सांगू शकतो, आणि तंत्रज्ञाची एक वायफळ फेरी वाचवतो. त्याला यंत्र प्रत्यक्ष दाखवण्याची तयारी भरतीआधीच करा.

आता आकडेमोड. आठवड्याचे तास १६८. एक माणूस ४८ तास काम करत असेल तर चोवीस तास एक खुर्ची भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात, ४० तास असेल तर चाराहून थोडी जास्त. रजा, आजारपण आणि प्रशिक्षण धरलं की पाचाखाली भागत नाही. बाहेर फिरणाऱ्या तंत्रज्ञाची रात्रीची ऑन-कॉल पाळी चार आठवड्यांतून एकदाच यावी. हे गणित जमत नसेल तर ‘चोवीस तास सेवा’ ही पाटी उतरवा. ती पाटी दोन माणसांच्या जिवावर चालवली की वर्षाच्या आत ती दोघं जातात आणि त्यांच्यासोबत प्रत्येक जागेचा इतिहासही जातो. ही चूक मी स्वतः केली आहे.

इतकं झालं की जाहिरात लिहा. ताकाला जाऊन भांडं लपवू नका: रात्रीची पाळी, प्रवास, उन्हापावसातलं काम, वाहन कुणाचं, पगार किती ते किती, सगळं लिहा. ‘हरित क्रांतीचे शिलेदार व्हा’ असली वाक्यं काढून टाका, तंत्रज्ञ ती वाचत नाहीत. त्याऐवजी तिसऱ्या वर्षी हा माणूस कुठे असेल ते लिहा: तंत्रज्ञ ते कमिशनिंग, कमिशनिंग ते विभागप्रमुख. बायकांनीही अर्ज करावेत असं वाटत असेल तर आडबाजूच्या पार्किंगमध्ये रात्री दोघांनीच जायचं हा नियम आधी करा आणि तो जाहिरातीत दिसू द्या. पुरुषांनाही तो हवाच असतो, फक्त ते बोलत नाहीत.

नेमणुकीचं पत्र मुलाखतीनंतर आठवड्याच्या आत हातात पडेल अशी सोय करा, सह्या करणारे रजेवर नाहीत ना ते पाहून. प्रशिक्षणाच्या बदल्यात तीन वर्षांचा बाँड लिहून घ्यायचा मोह होईल. त्याने माणूस राहतो, मन राहत नाही. त्यापेक्षा पहिल्या वर्षाच्या शेवटी ठरलेली पगारवाढ पत्रातच नमूद करा.

पहिल्या दिवसाआधी कपाटात काय हवं: त्या माणसाच्या मापाचे इन्सुलेटेड हातमोजे आणि बूट, व्होल्टेज टेस्टर, इन्सुलेशन टेस्टर, थर्मल कॅमेरा, गाडीचं सोंग घेणारा ईव्ही सिम्युलेटर, कुलपं आणि पाट्या, सर्व्हरचं लॉगिन, आणि चार्जर बनवणाऱ्या कंपनीच्या प्रशिक्षणाची तारीख. ही तारीख आधी घ्या, कारण त्यांच्या वर्गातल्या जागा लवकर भरतात. पहिले काही आठवडे तो कुणाबरोबर फिरणार त्या जुन्या माणसाचं नाव ठरवा, आणि तेवढ्या काळापुरतं त्या जुन्या माणसाचं रोजचं काम कमी करा.