प्राग, एक दिवस, एकट्याने: या चुका टाळा

टूर कंपनीबरोबर प्राग पाहिलं तर वाट चुकायची जबाबदारी गाइडची. एकटे निघालात की ती तुमची. काय बघायचं याची यादी सगळ्यांकडे असते आणि ती साधारण सारखीच असते: किल्ला, चार्ल्स पूल, खगोलीय घड्याळ, ज्यू वस्ती. दिवसाचा विचका होतो तो या चार गोष्टींचा क्रम चुकल्यामुळे.

सकाळची सुरुवात जुन्या चौकातून करणं

हॉटेल चौकाजवळ असतं म्हणून बहुतेक जण तिथूनच निघतात. अकराच्या सुमारास पुलावर गर्दीत अडकतात आणि भर दुपारी किल्ल्याचा चढ चढतात. हे सगळं उलटं करा. 22 नंबरची ट्राम पकडा, पाटीवर ‘बीला होरा’ दिशा बघून. ‘प्राझ्स्की ह्राद’ म्हणजे किल्ल्याचा थांबा आला की ट्राम अर्धी रिकामी होते. तुम्ही बसून राहा आणि पुढे पोहोर्झेलेत्सला उतरा. तिथून लोरेता हे तीर्थस्थान, किल्ला, नेरुदोवा रस्ता, पूल आणि जुना चौक अशी जवळजवळ सगळी वाट उताराची आहे. रस्त्यांवर दगडी फरसबंदी आहे, त्यामुळे पातळ तळाची चप्पल दुपारपर्यंत पायांचा जीव घेते. बूटच घाला.

किल्ल्याच्या आवारात फिरायला तिकीट लागत नाही आणि आवार सकाळी 6 पासून उघडं असतं. तिकिटाच्या इमारती 9 ला उघडतात. तिकीट दोन दिवस चालतं, त्यामुळे मुक्काम असेल तर एकाच दिवशी सगळं उरकायची घाई नको. वार मात्र आधी बघून घ्या. रविवारी सकाळी प्रार्थना असते, म्हणून सेंट व्हिटस कॅथेड्रल पर्यटकांसाठी दुपारी उघडतं. ज्यू वस्तीतल्या ज्यू संग्रहालयातली सिनेगॉग (प्रार्थनागृहं) आणि जुनं कब्रस्तान शनिवारी बंद. रविवारी जाणार असाल तर आधी पहाटे पूल बघा, किल्ला दुपारवर ढकला.

उतरताना नेरुदोवा रस्त्यावर फोन खिशात ठेवा. इथल्या दारांवर अजून जुनी चिन्हं आहेत: तीन व्हायोलिन, दोन सूर्य, सोन्याची किल्ली. 1770 च्या सुमारास घरांना नंबर मिळायच्या आधी हेच पत्ते होते. दोन सूर्यांच्या घरात लेखक यान नेरुदा राहायचे. रस्त्याला नाव त्यांचंच.

घड्याळाचा तास गाठायला धावणं

जुन्या चौकातल्या टाउन हॉलवरचं हे खगोलीय घड्याळ 1410 चं. सकाळी 9 ते रात्री 11, दर तासाला खिडक्यांतून प्रेषितांच्या (येशूच्या शिष्यांच्या) मूर्ती सरकतात, सांगाडा दोरी ओढतो, शेवटी कोंबडा आरवतो. सगळं मिळून जेमतेम एक मिनिट. त्या मिनिटासाठी लोक पंधरा-वीस मिनिटं माना वर करून उभे असतात आणि पाकीटमारांना नेमकं तेच हवं असतं. एकटे असाल तर पाठीमागची सॅक बघणारंही कुणी नसतं. ती पोटावर घ्या; 22 च्या ट्राममध्येही तेच करा.

खरं बघण्यासारखं आहे ते तास वाजून गेल्यावर, गर्दी पांगली की. तबकडीच्या सगळ्यात बाहेरच्या काळ्या कड्यावर सोनेरी अंक आहेत, 1 ते 24. ही जुनी चेक वेळ. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. जुन्या चेक हिशोबात दिवस सूर्यास्ताला संपायचा. सूर्यास्त रोज पुढेमागे होतो, म्हणून ते कडंही वर्षभर पुढेमागे सरकत राहतं. हे कळून पाच मिनिटं तबकडी बघितली की कोंबडा चुकल्याचं दुःख उरत नाही.

युरो घेऊन फिरणं

इथलं चलन कोरुना. दुकानदार युरो घेतो, पण दर त्याचा असतो. एटीएम ‘तुमच्या चलनात रूपांतर करू का’ असं विचारतं तेव्हा नाही म्हणा आणि व्यवहार कोरुनातच ठेवा. एक्स्चेंज काउंटरवर फसलात तर पावती घेऊन परत जा: 1000 युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करायचा हक्क 2019 पासून कायद्याने दिलेला आहे. नोटा तपासायच्या म्हणून कुणी साध्या वेशातला ‘पोलीस’ पाकीट मागू लागला तर देऊ नका. पोलिसांच्या 158 नंबरला फोन करतो म्हणा.

तिकीट काढलं, पण पंच केलं नाही

कागदी तिकीट पिवळ्या मशीनमध्ये एकदाच पंच करायचं: ट्राममध्ये चढल्यावर, मेट्रोत जिना उतरण्याआधी. दुसऱ्यांदा पंच केलं तर ते बाद होतं. ट्राममधल्या मशीनवर कार्डाने घेतलेलं तिकीट मात्र आधीच सुरू झालेलं असतं, ते पंच करू नका. ॲपवर घेतलं तर सुरू व्हायला थोडा वेळ लागतो. म्हणून ट्राम दिसेपर्यंत थांबू नका, बटण आधीच दाबा.

खाणं

चौकातल्या स्टॉलवर भाजलेल्या हॅमच्या पाटीवरचा आकडा 100 ग्रॅमचा असतो आणि कापणारा हात सढळ असतो. कापायच्या आधी वजन सांगा. शाकाहारी मंडळींनी बटाट्याच्या ‘ब्रांबोराक’लाही विचारून हात घालावा, कारण तो अनेकदा डुकराच्या चरबीत तळतात. त्रदेल्निक (दांड्याला गुंडाळून भाजलेला, साखर लावलेला गोड पाव) खायचं तर खा, पण प्रागचा पिढीजात पदार्थ म्हणून नको.

रात्री मेट्रो चुकली तर

मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते. टॅक्सीवाल्याशी घासाघीस करत बसू नका. 91 ते 99 नंबरच्या ट्राम रात्रभर असतात आणि सगळ्या लाझार्स्का थांब्यावर एकत्र येतात. तिथवर चालत गेलात की हॉटेलकडची ट्राम मिळते, दिवसाचं तिकीट अजून चालू असेल तर त्याच तिकिटावर.